डावऱ्या हाताची गाठ

आंबिवली स्टेशनातून बाहेर पडून मोहन्याच्या रस्त्याला लागलं की बराच वेळ नुसत्या इमारती. त्या संपल्या असं वाटतं तिथे डाव्या अंगाला एक पत्र्याचं फाटक आहे. आत विश्राम भोईरची वाडी. वाडी म्हणजे काय, धड एकरभरही नाही. नऊ जांभळं, दोन रायवळ आंबे, एक विहीर आणि विहिरीमागे घर. दोघा भावांनी आपले हिस्से कधीच बिल्डरला देऊन टाकले. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून आता लोक विश्रामच्या झाडांवर वाकून बघतात. विश्रामने दिलं नाही. का नाही दिलं असं विचारलं तर म्हणायचा, "जांभलं कुठं ठेवू? गॅलरीत?" पुढे बोलणं नाही. हेकट माणूस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशाच कुणाला तरी बघून म्हटलं असणार.

आता जांभळाचं झाड कसं असतं ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आंब्याची फांदी मोडायच्या आधी करकरते, माणसाला सांगते की बाबा उतर. जांभळाची सांगत नाही. दिसायला मांडीएवढी जाड, पण आतून ठिसूळ, काडकन तुटते. ह्या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या घरात जांभळावरून पडलेला एक तरी माणूस निघेल. आणि फळ असं नाजूक की काठीने झोडलं तर चिखल होतो. प्रत्येक घोस हाताने खुडायचा, तोही पिकलेले चार दाणे तेवढेच, बाकीचे उद्यासाठी ठेवायचे. म्हणजे झाडाच्या शेंड्यापर्यंत तर जायलाच हवं आणि फांदीवर पाय तर ठेवायचा नाही. म्हणून परांची. झाडाच्या भोवती उभे बांबू रोवायचे, चार चार फुटांवर आडवे बांधायचे, असे तीन-चार मजले. झाडाला कुठेही टेकायचं नाही. बांधायचं फक्त काथ्याच्या दोराने, रात्रभर पाण्यात भिजवलेल्या. ओला दोर बांधला की एक रात्र सुकू द्यायचा, सुकला की तो असा आवळतो की कोयत्यानेच सुटतो.

आणि परांचीचा एक नेम. ज्याने बांधली त्याने आधी चढायचं. प्रत्येक आडव्यावर उभं राहून तीनदा पाय आपटायचा, मग खाली येऊन म्हणायचं, चढा. तोवर दुसऱ्या कुणी बांबूला हात लावायचा नाही.

विश्राम अठराव्या वर्षी पहिल्यांदा बांधायला लागला आणि आता तो एकोणसत्तरीला आला होता. एवढ्या वर्षांत त्याच्या परांचीवरून एक माणूस पडला नाही. ही गोष्ट त्याने स्वतः किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. लग्नात सांगायचा, दहाव्याला सांगायचा. कल्याणच्या मार्केटात जांभळं घेणारा जगन व्यापारी तर त्याने तोंड उघडलं की आधीच म्हणायचा, "एक माणूस पडला नाही, माहीत आहे विश्रामबाबा." त्याचं विश्रामला कधी वाईट वाटलं नाही. माणसाकडे एकच दागिना असला की तो रोज घालतो.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी उठला तर डावा हात झोपलेलाच. चोळला, शेकला, दुपारपर्यंत हात परत आला, पण पुरता आला नाही. करंगळी आणि तिच्याजवळची दोन बोटं आली ती पाहुण्यासारखी. असायची, पण कामाला लागायची नाहीत. परांचीच्या गाठीत उजव्या हाताने ओढायचं असतं आणि डाव्याने दाबून धरायचं असतं. डाव्याने धरलं नाही तर उजव्याने कितीही ओढा, फेरा आत सैल राहतो. वरून बघणाऱ्याला ती गाठ गाठच दिसते.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, डॉक्टरला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ह्याची तर मूठच धड वळत नव्हती. चहाची बशी उजव्या हातात धरायला लागला. विडी सोडली, कारण काडी पेटवायला दोन हात लागतात. लोक म्हणाले, म्हातारा सुधारला.

बायको कलावती. पहाटे टोपली घेऊन कल्याण स्टेशनाबाहेर बसणारी, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून तो किती घासाघीस करणार ते ओळखणारी बाई. तिला हाताचं कळलं नाही, पण दुसरं कळलं. धुतलेला सदरा वाळत घालताना तिला तो दोन माणसांचा वाटायला लागला. पट्ट्याला ह्याने खिळ्याने नवं भोक पाडलेलं तिने पाहिलं. क्रेट मोजायचा वजनकाटा पडवीत होता, त्याच्याकडे बोट दाखवून ती एकदा म्हणाली, "जरा उभं राहा बघू ह्याच्यावर."

"मी काय जांभूल हाय?" विश्राम म्हणाला.

"जांभळाला तरी गर असतो. तुमची नुसती बी राहिलीय."

तो हसला आणि काट्यावर न चढता निघून गेला. तिनेही हट्ट धरला नाही. हे पुढे तिच्या मनाला लागून राहिलं ते कायमचं.

मुलगा एकच, हितेश. छत्तीस वर्षांचा, भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. अंगाने भरलेला, पंच्याऐंशी किलो, चालला की पडवीतल्या फरश्या बोलायच्या. स्वभावाने मात्र इतका नरम की त्याच्या हाताखालची पोरं त्याला घाबरायचीच नाहीत. जांभळाच्या दिवसांत रजा टाकून तो झाडं उतरवायचा. वरच्या मजल्यांवर तो आणि खालच्या मजल्यावर त्याची बायको वैशाली. पोटाला झोळी बांधून दोघं दिवस दिवस खुडायची.

पण हितेशला परांची बांधायची परवानगी नव्हती. कधीच नव्हती. का, तर तो डावरा. आठवीत असताना त्याने हौसेने पहिली गाठ मारली होती. डाव्या हाताने ओढलेली, त्यामुळे तिचं शेपूट डावीकडे आत खोचलेलं. विश्रामची गाठ उजवीकडे संपायची, त्याच्या बापाची उजवीकडे, त्याच्याही बापाची तशीच. विश्रामने ती गाठ पोरासमोर कोयत्याने कापली. "माझ्या परांचीला उलटी गाठ लावाची नाय," म्हणाला. गाठ पक्की होती की नाही हे त्याने बघितलंसुद्धा नाही. पोरगा गप्प बसला. ह्या घरात हितेश गप्प बसला की सगळ्यांना वाटायचं, त्याला पटलं.

गेल्या दोन उन्हाळ्यांत हितेशला एक नवं खूळ लागलं होतं. पहाटे पाचला उठून फिरायला जायचं. डॉक्टरने पोट कमी करायला सांगितलंय म्हणायचा. सव्वासहाला घामाघूम होऊन परत. विश्राम विहिरीवर तोंड धूत असायचा. तो पोराच्या पोटाकडे बघून म्हणायचा, "चालून चालून नाल्यापातूर जातोस का मोहन्यापातूर? पोट तर जागचं हलत नाय." वैशाली चहा गाळत असायची. ती मान वर करायची नाही. हितेश हसायचा आणि हात धुवायला जायचा. हातांना काथ्याचे ओरखडे असायचे, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्याला जवळचं काही दिसत नव्हतं.

यंदा ऊन फार. अक्षय्य तृतीयेला विश्रामने नेमाप्रमाणे पहिला बांबू रोवला, आणि तेव्हाच झाडांवरचं फळ काळं धरायला लागलं होतं. रोज एक झाड बांधायचं. दिवसभर बांधणार, रात्र जाऊ देणार, सकाळी सातला वर चढून पाय आपटणार. आठ झाडं अशी झाली. आठही परांच्या दगडासारख्या. चौथ्या मजल्यावर उभं राहून त्याने पाय आपटला की बांबू हूं का चूं करायचा नाही. प्रत्येक सकाळी खाली उतरताना त्याला वाटायचं, हाताचं आपण उगाच मनाला लावून घेतलं. हात गेला असेल, पण कसब गेलेलं नाही. आठव्या झाडानंतर त्याने कलावतीला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघ गो," म्हणाला, "हलव. तुझ्या बापाला हलणार नाय." तिने कौतुकाने मान हलवली. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला.

नववं झाड विहिरीजवळचं. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत गोड. एरवी ते शेवटी पिकतं, यंदा त्याच्या शेंड्याचे घोस आधीच काळेभोर झाले. जगन व्यापाऱ्याचा फोन आला, की ठाण्याचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, विहिरीवरची जांभळं मागतंय, मी स्वतः संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो. विश्रामने हो म्हटलं. दोर सकाळीच भिजत टाकला आणि टळटळीत उन्हात एकटाच बांधत सुटला. चौथ्या मजल्यावर त्याचा डावा हात दोनदा गाठीवरून निसटला. तिसऱ्यांदा त्याने फेरा दातात धरून ओढला. बसला असं वाटलं. वाटलं म्हणजे त्याने वाटून घेतलं.

संध्याकाळी पाचला जगन आला, खुर्ची टाकून विहिरीच्या कट्ट्याजवळ बसला. हितेश गोडाऊनमधून नुकताच परतला होता. त्याची रजा दुसऱ्या दिवसापासून होती. विश्राम वर चढला. एकेका आडव्यावर उभा राहिला, तीन-तीनदा पाय आपटला. परांचीने आवाज केला नाही. खाली येऊन त्याने हात झटकले आणि पोराला म्हणाला, "चढ."

हितेश परांचीकडे बघत उभा राहिला. एका आडव्याला हात लावला, अंगठा दोरावरून फिरवला. दोर अजून ओला होता.

"बाबा, उद्या सकाळी चढतो ना. एक रात्र सुकू दे. तुम्हीच बोलता ना नेहमी."

"ऊन बघितलंस काय? रातीचं काम ह्या उनानं दोन तासांत केलंय."

"तरी पण. जगनशेठ, सकाळी सातला माल देतो. चालेल ना?"

जगन म्हणाला, चालेल की, मला काय, गिऱ्हाइकाला समजावतो. तिथेच हे मिटलं असतं. पण जगन मुळात गमत्या माणूस, तोंड आवरलं नाही. हसत म्हणाला, "काय विश्रामबाबा, पोराचाच भरोसा राहिला नाही वाटतं परांचीवर."

झालं. विश्रामचा चेहरा उतरला आणि मग तापला. पन्नास वर्षं जपलेला दागिना कुणीतरी पितळेचा म्हटल्यासारखं त्याला झालं. "माझ्या परांचीवरनं आजवर कोण पडलाय?" तो पोराला म्हणाला. "सांग ना. एक नाव सांग. मी चढून आलो ना आता? पाय आपटला ना? तुला बापाची गाठ चालत नसंल तर नको चढू. वैशाली चढंल."

वैशाली पडवीत करंड्यांना पळसाची पानं लावत होती. तिने हितेशकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. हितेशनेही तिच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. काय आलं असेल त्याच्या मनात? चारचौघांत बापाला सांगायचं का, की बाबा, तुमची गाठ बसत नाही, दोन वर्षं झाली बसत नाही? त्याला ते जमलं नाही. त्याला जमणारं ते नव्हतंच. त्याने झोळी बांधली, चपला काढून ठेवल्या आणि चढला.

पहिले तीन मजले परांचीने त्याला पेललं. चौथ्यावर त्याने दोन घोस खुडले. तिसऱ्या घोसाला हात लांबवला आणि आडव्याचं एक टोक सरसर खाली घसरलं. बांबू मोडल्याचा आवाज आलाच नाही. आवाज आला तो खालचा, विहिरीच्या कट्ट्यावरचा. हितेश पाठीवर पडला होता आणि झोळीतली जांभळं त्याच्या शर्टावर फुटली होती, त्यामुळे पहिली दोन मिनिटं रक्त किती आणि जांभूळ किती ते कुणालाच कळेना. तो शुद्धीवर होता. "पाय कुठे गेले माझे?" असं त्याने विचारलं. दोनदा विचारलं.

जगनच्याच टेम्पोत करंड्या बाजूला सारून त्याला कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. कमरेच्या वरचा मणका मोडलेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कलावतीला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचला, पायांचं मात्र धरून चालू नका. "धरून चालू नका" हे शब्द ऐकून ती बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टर बिचारा तरुण होता, आपण काय बोललो ते नंतर त्याच्या ध्यानात आलं.

आणि विश्राम काय म्हणाला? विश्राम म्हणाला, "बांबू किडका निघाला." हॉस्पिटलात आलेल्या पोलिसाला तेच सांगितलं, भावांना तेच, जगनला तेच. लोकांना पटलंही. बांबू किडतो, त्यात नवल काय. फक्त वैशाली काही बोलली नाही. ती त्या दिवसापासून सासऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ताट वाढायची आणि निघून जायची. विश्रामला वाटायचं, नवऱ्याच्या काळजीत आहे.

खरं तर त्याला स्वतःला माहीत होतं. पडल्या दिवशीच, सगळे टेम्पोमागे धावत असताना, त्याने तो बांबू बघितला होता. अखंड होता. हिरवा, निरोगी. टोकाला त्याच्या गाठीचा फेरा तसाच लोंबत होता, उकलून, बाईचा अंबाडा सुटावा तसा. त्याने बांबू उचलला, विळ्याने मधोमध फोडला आणि चुलीमागच्या ढिगात फेकला. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने एवढं केलं. मी त्याला चांगला म्हणत नाही, आणि वाईट म्हणायलाही जीभ उचलत नाही.

पाचव्या दिवशी कलावती हॉस्पिटलात होती, वैशाली रात्रभर तिथे जागून पहाटेच्या गाडीने घरी आली होती. विश्रामला झोप नव्हतीच. उजाडताना तो पडवीत आला. वाडीत जांभळांचा सडा पडलेला, सगळीकडे आंबट वास आणि माश्या. वजनकाटा समोरच होता. का कोण जाणे, तो त्याच्यावर चढला. डोळे बारीक करून आकडा वाचला. त्रेचाळीस.

त्रेचाळीस किलोचा माणूस पाय आपटून काय सिद्ध करणार? उभा राहिला काय आणि न राहिला काय. त्या आडव्याने त्याला पेललं ते गाठ पक्की होती म्हणून नाही, तो माणूस म्हणून वजनातच उरला नव्हता म्हणून. हे त्याला त्या काट्यावर उभ्या उभ्या कळलं. तो खाली उतरला, कोयता घेतला आणि वाडीत गेला. उरलेल्या आठ परांच्या सोडवून टाकायच्या, मोडायच्या, जाळायच्या. आपल्या हाताने बांधलेल्या कशावरही पुन्हा कुणी चढायचं नाही.

पहिल्या झाडाशी गेला. खालच्या आडव्याची गाठ धरली. कोयता लावायच्या आधी सवयीने उजवा अंगठा उजवीकडे गेला, शेपूट शोधायला. शेपूट नव्हतं. गळून पडलं असेल म्हणून त्याने चाचपलं. सगळी गाठ बोटांनी फिरून बघितली. शेपूट डावीकडे होतं, आत खोचलेलं, घट्ट.

तो दुसऱ्या गाठीकडे गेला. डावीकडे. तिसरी. डावीकडे. कोयता खाली टाकून तो परांचीवर चढला, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक सांध्याला बोटं लावत. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. मग दुसरं झाड. मग तिसरं. आठही झाडांवर बापाची म्हणून एक गाठ नव्हती. एकूण एक पोराने कापून नव्याने बांधली होती, पहाटे पाच ते सव्वासहा, पोट कमी करायला फिरायला जातो म्हणून. बाप सातला चढून मिरवायचा ते पोराच्या गाठींवर. आणि पोरगा हात धुऊन चहा प्यायचा. नवव्या झाडाला तेवढी सकाळ मिळाली नाही.

आठव्या झाडाखाली विश्राम खाली बसला आणि रडला. आवाज करून रडला, बापाच्या मरणाला रडला नव्हता तसा. समोरच्या इमारतीत एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, ती आत निघून गेली.

किती वेळ गेला कळलं नाही. वैशाली येऊन उभी राहिली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. तिच्या पोटाला झोळी बांधलेली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"त्यांनी सांगितलंय फळ सोडू नको," ती म्हणाली. पाच दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. "आठ झाडं उतरवायचीत. जगनशेठला फोन केलाय, आठला येतोय."

"तुला ठाव होतं?" विश्रामने विचारलं.

ती बोलली ते सगळं एकदम. "होतं. दोन वर्षं होतं. मीच बॅटरी धरून उभी राहायची पहिल्या वर्षी. मी रोज बोलायची, सांगा बाबांना, सांगा. ते बोलायचे, अगं, त्यांच्याकडे तेवढंच आहे, ते कशाला काढून घ्यायचं. त्या दिवशी मी मान हलवली. मी ओरडायला पाहिजे होतं, मामा. तुमचं तोंड धरून ओरडायला पाहिजे होतं. मी नुसती मान हलवली."

विश्राम उठला. उठताना झाडाचा नाही, बांबूचा आधार घेतला.

"आता चढू का मी?" वैशाली म्हणाली. आवाजात कडवटपणा होता आणि तिने तो लपवला नाही. "का आधी तुम्ही पाय आपटणार?"

"नाय," तो म्हणाला. "ज्यानं बांधलीय तो चढून गेलाय. चढ तू."

ती चढली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. विश्राम खाली दोन्ही हातांनी उभा बांबू धरून राहिला, धरायची काही गरज नव्हती तरी. वरून घोस खुडण्याचा बारीक आवाज येत होता. परांची हलत नव्हती.

आठला जगन आला. फाटकातूनच त्याने वर बघितलं आणि थबकला. पाच दिवसांत तोही बराच ओशाळला होता, त्या दिवशीचं आपलं वाक्य त्याला घरी झोपू देत नव्हतं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "विश्रामबाबा, अहो सुनेला चढवलंत? पुन्हा बांबू किडका निघाला म्हणजे?"

"बांबू किडका नव्हता," विश्राम म्हणाला. "चांगला होता. मीच फोडून टाकला."

जगनला काही समजेना.

"ही परांची हितेशनं बांधलीय," विश्रामने त्याला सांगितलं. "आठच्या आठ त्यानं बांधल्यात. औंदा आणि गेल्या सालीपण. विहिरीवरची तेवढी माझी होती. माझ्या परांचीवरनं एक माणूस पडलाय, जगनशेठ. आता कोणी विचारलं तर तसं सांगत जा."

वर वैशालीचा हात थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा खुडायला लागला. जगनने टेम्पोतून रिकाम्या करंड्या काढल्या आणि झाडाखाली मांडायला सुरुवात केली.